सातबारा बघायला फुकट, वापरायला १५ रुपये

पाथर्डीकरांनो, पीककर्जाच्या कागदांसाठी रांगेत उभं राहण्याआधी हे वाचा.

'महाभूलेख' या साइटवर जिल्हा निवडा, तालुका पाथर्डी, मग तिसगाव, मिरी, करंजी, जे असेल ते गाव. गट नंबर आणि मोबाईल नंबर टाकला की उतारा दिसतो. खातं उघडायची गरज नाही, पैसेही नाहीत. पण तो फक्त माहितीपुरता, सरकारी किंवा कायदेशीर कामाला चालत नाही.

त्यासाठी डिजिटल सहीचा उतारा हवा. त्याची साइट वेगळी, 'डिजिटल सातबारा', आणि शुल्क उताऱ्यामागे १५ रुपये. इथे लॉगिनचे दोन पर्याय आहेत: नोंदणी करून आयडी-पासवर्ड, नाहीतर थेट मोबाईलवर ओटीपी. हा दुसरा मला फार आवडतो. वर्षातून एखाद्या वेळी उतारा काढणाऱ्याने पासवर्ड कशाला सांभाळायचा? खात्यात आधी पैसे भरायचे, मग उतारा डाउनलोड करायचा. त्यावरच्या क्रमांकाने खरेपणा तपासता येतो. तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही.

माझ्या मते फुकट काय आणि पैशाचं काय, हे दोन्ही साइटींच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत हवं. आणि हो, फोन करून ओटीपी मागणाऱ्याला तो अजिबात सांगू नका.