‘चालू आहे’ म्हणजे काय?

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दिसला की नवख्या शौकिनाचे पाय थबकतात. विक्रेता चावी देतो, रेकॉर्ड लावतो आणि म्हणतो, ‘चालू आहे.’ तो खोटे बोलत नसला, तरी केवळ या दोन शब्दांवर पैसे मोजू नयेत. जुने यंत्र घेताना पाहायचे ते झिजणारे आणि सुकणारे भाग: सुई, रबर, कंडेन्सर. त्याही आधी पाहायचे ते घरात कोणत्या रेकॉर्ड आहेत हे. चावीचा ग्रामोफोन लाखेच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्यांसाठी घडवलेला. त्याची पोलादी सुई शंभर ग्रॅमहून अधिक भाराने खाचेत उतरते आणि एकेका बाजूनंतर बदलावी लागते. 1948 मध्ये आलेल्या विनाइलच्या एलपीची खाच कितीतरी बारीक. चांगल्या टर्नटेबलची हिऱ्याची सुई तिच्यावर दोन-तीन ग्रॅमच भार टाकते. आजोबांनी जपलेली एलपी पोलादी सुईखाली एकदा गेली की खाच खरवडली जाते, आणि ते नुकसान कुठलाही कारागीर भरून देऊ शकत नाही.

विजेवरच्या टर्नटेबलचे दुखणे वेगळे. अमेरिकेतून आलेल्या यंत्राला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की 230 व्होल्टचे 110 होतात, पण 50 सायकलचे 60 होत नाहीत. मोटरचा वेग विजेच्या सायकलवर ठरत असेल, तर 33⅓ फेऱ्यांची तबकडी 28च्या आसपासच फिरते आणि गायकाचा कोमल गंधार षड्जावर येऊन बसतो. गाणे वाजतच असते, म्हणजे यंत्र ‘चालू’च म्हणायचे! 50 सायकलची पुली मिळाली तर दोष जातो. ती मिळेल का, हे सौद्याआधी विचारावे. अँप्लिफायरची परीक्षा मात्र मेकॅनिकच्या टेबलावरच होते. वर्षानुवर्षे बंद असलेला सेट जाणता मेकॅनिक थेट प्लगला लावत नाही. मध्ये शंभर वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये जोडतो. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जायचे. तो लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बमुळे ट्रान्सफॉर्मर जळता जळता वाचला आहे.

एवढ्या उठाठेवीपेक्षा नवेच घ्यावे, हा आक्षेप रास्त आहे. ज्याला फक्त गाणी ऐकायची आहेत त्याने खुशाल नवे घ्यावे. पण जुना गॅरार्ड टर्नटेबल उघडला की आत स्क्रू, स्प्रिंगा, लिव्हर डोळ्यांना दिसतात. थिजलेले ग्रीस धुऊन नवे घातले की अडकलेला रेकॉर्ड-चेंजर बहुधा पुन्हा हलू लागतो. जे उघडता येते ते टिकवता येते, हेच जुन्या यंत्राचे मोल. सुटे भाग बदलले की अस्सलपणा जातो, असेही काही जण म्हणतात. पण सुई आणि रबर हे सायकलच्या टायरसारखे. झिजले की बदलायचे, हे गृहीत धरूनच यंत्र बनवलेले असते. म्हणून नवख्याने आधी भरवशाचा मेकॅनिक शोधावा, दुरुस्तीचे पैसे बाजूला ठेवावेत आणि मगच घासाघीस करावी. ‘बंद आहे, पण सगळे भाग जागच्या जागी आहेत’ असे सांगून विकला जाणारा धुळकट सेट पॉलिश केलेल्या ‘चालू’ सेटपेक्षा पुष्कळदा चांगला ठरतो, कारण त्यात काय करायचे बाकी आहे ते घेणाऱ्याला आधीच कळलेले असते.