रेवड्यांवरची कुस्ती
आमच्या कोल्हापूर भागात उरुसाला हलगी कडाडली, की अब्बा मला खांद्यावर घेऊन कुस्तीच्या मैदानात जात. आधी मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, शेवटी मोठ्या इनामाची जोड.

यंदा मी लेकाला नेलं. एक पोरगा चितपट झाला आणि अंगावरची लाल माती झटकत, डोळे पुसत निघाला. सगळी गर्दी जिंकणाऱ्याभोवती.

‘‘अब्बू, हरलेल्याला काहीच नाही?’’ लेकाने विचारलं.

मी ५० रुपये दिले. त्याने पळत जाऊन ते त्या मुलाच्या हातावर ठेवले.

तालमीतल्या पोराच्या दूध-बदामाच्या खुराकासाठी घरचे पोटाला चिमटा घेतात. विजेत्याला टाळ्या द्याच. पण पडलेल्याचीही पाठ थोपटा. पुढच्या उरुसाला तो पुन्हा मैदानात उतरला पाहिजे.