केंद्रक सोडून देणारी पेशी

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींची मांडणी सारखीच असते. बाहेर मेदाच्या दुहेरी थराचे पातळ पटल, जे काय आत घ्यायचे आणि काय बाहेर सोडायचे हे ठरवते. आत पेशीद्रव्य, मधोमध डीएनए सांभाळणारे केंद्रक, त्यातल्या माहितीनुसार प्रथिने घडवणारे रायबोझोम आणि ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका.

रक्तातली तांबडी पेशी मात्र यातले जवळजवळ सगळे सोडून देते. अस्थिमज्जेत ती घडते तेव्हा तिला केंद्रक असते. पक्व होताना ती ते बाहेर टाकते, पाठोपाठ तंतुकणिका आणि रायबोझोमही जातात. मोकळ्या झालेल्या जागेत हिमोग्लोबिन भरलेले असते: एका पेशीत सुमारे २७ कोटी रेणू, आणि प्रत्येक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू वाहून नेतो. तंतुकणिका नसल्याने वाटेत ती स्वतः त्यातला ऑक्सिजन खर्च करत नाही. ग्लुकोजच्या विघटनातून मिळणाऱ्या थोड्या ऊर्जेवर भागवते. ७-८ मायक्रोमीटर रुंदीची, दोन्ही बाजूंनी खोलगट अशी ही लवचीक पेशी आपल्याहून अरुंद केशवाहिनीतूनही दुमडून पार होते.

याची किंमत तिला मोजावी लागते. नवे प्रथिन बनवता येत नाही, म्हणजे झीज भरून निघत नाही. सुमारे १२० दिवसांनी प्लीहा आणि यकृत तिला मोडीत काढतात. तिच्यातले लोह नव्या पेशींसाठी पुन्हा वापरले जाते.

इतक्या नेमक्या रचनेत एक बारीक बदल काय करतो, हे सिकलसेल आजारात दिसते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. पण ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. ती केशवाहिन्यांत अडकते, रुग्णाला असह्य वेदना होतात. तिचे आयुष्यही १०-२० दिवसांवर येते, म्हणून रक्तक्षय होतो. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले.

हा आजार महाराष्ट्रात विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात विशेष आढळतो. सदोष जनुक एकाच पालकाकडून आले तर माणूस वाहक ठरतो. त्याला बहुधा काहीच त्रास होत नाही, उलट गंभीर मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणूनच मलेरियाग्रस्त भागांत हे जनुक टिकून राहिले. मात्र आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

वाहक आहोत की नाही, हे रक्ताच्या साध्या तपासणीने कळते. या भागांतल्या प्रत्येक तरुण-तरुणीने लग्न ठरण्याआधी ती करून घ्यावी. वाहक असणे हा आजार नाही आणि त्यात लाजण्यासारखेही काही नाही.