गाणाऱ्या गळ्यासाठी स्पीकर

दुकानात स्पीकर ऐकवताना बहुधा ताल दणाणणारे एखादे सिनेगीत लावले जाते. छातीत ठोका बसतो आणि गिऱ्हाईक खूश होते. तीच जोडी घरी आणून किशोरीताईंचा ख्याल लावावा, तर आवाज रिकाम्या पिंपातून आल्यासारखा येतो, नाहीतर प्रत्येक 'स' कानाला टोचतो. ज्या घरात ख्याल, नाट्यपदे, अभंग, भावगीते ऐकली जातात, तिथे स्पीकरची पारख गळ्यावरच व्हायला हवी.

आधी गळ्याचा पल्ला पाहू. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो, तर खर्जातला सा ६९ च्या आसपास. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा मध्य षड्ज २०८ हर्ट्झचा. पण आपण गायक ओळखतो तो या मूळ स्वरावरून नव्हे, तर त्याच्यासोबत निघणाऱ्या उपस्वरांवरून. आकाराचा मोकळेपणा, गळ्याची धार, नाकातली छटा हे सगळे त्या उपस्वरांत असते आणि ते काही हजार हर्ट्झपर्यंत पसरलेले असतात. आपला कानही २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो.

अडचण इथेच आहे. साध्या दोन ड्रायव्हरच्या स्पीकरमध्ये खालचे स्वर वूफर वाजवतो, वरचे ट्वीटर. ही वाटणी करणारा क्रॉसओव्हर बहुधा २००० ते ३००० हर्ट्झच्या दरम्यान बसवलेला असतो. कान जिथे सर्वांत चिकित्सक, नेमका तिथे सांधा! तो नीट जुळला नाही, तर शब्दांची व्यंजने गळ्यापासून सुटून वेगळी ऐकू येतात.

हा प्रश्न मनापासून सोडवला तो बीबीसीच्या अभियंत्यांनी. १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांत मावेल असा छोटा स्पीकर त्यांना हवा होता. त्यातून एलएस ३/५ए तयार झाला. उंची जेमतेम ३० सेंटिमीटर, वूफर ५ इंची, खोके पूर्ण बंद. खोक्याच्या पातळ भिंतींना आतून कंप शोषणारे अस्तर होते, म्हणजे लाकूड आपला सूर गाण्यात मिसळणार नाही. स्टुडिओत माणसाचे बोलणे प्रत्यक्ष ऐकायचे आणि लगेच तेच स्पीकरवर ऐकायचे, ही त्या अभियंत्यांची कसोटी होती. या स्पीकरला खोल बास नाही, तो फार मोठ्यानेही वाजत नाही. तरी माणसाच्या आवाजासाठी त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. खर्ज अशा छोट्या खोक्यातूनही जाणवतो, कारण उपस्वर शाबूत असतील तर क्षीण झालेला मूळ स्वर मेंदू भरून काढतो. म्हणून गाण्यासाठी मोठा वूफर ही पहिली गरज नाही.

दुकानात जाताना आपले ध्वनिमुद्रण आपण न्यावे. आधी नुसते बोलणे ऐकावे, एखादी मुलाखत किंवा ओळखीच्या माणसाचा आवाज. पुरुषाचा आवाज विनाकारण घुमत असेल, तर ती जोडी तिथेच बाजूला ठेवावी. मग तानपुऱ्यासह संथ आलाप लावावा. जवारी स्पष्ट कळली पाहिजे, पण ती गायकाच्या पुढे येता कामा नये. शेवटी एखादे जुने मोनो ध्वनिमुद्रण लावावे. दोन्ही स्पीकरवर तेच वाजत असल्याने गायक बरोबर मधोमध बसलेला वाटायला हवा. आवाज पसरट, ठावठिकाणा नसलेला वाटला, तर लाल-काळ्या तारा एका बाजूला उलट जोडल्या आहेत का ते पाहावे. दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवावी. किंचित मोठे वाजणारे नेहमीच सरस वाटते.

निम्मे काम खोली करते. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत फरश्या, उघड्या भिंती आणि काचा आवाज परतवतात आणि गाणे कर्कश होते. स्पीकरच्या समोर जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीला पडदे, मागे भरलेले पुस्तकांचे कपाट एवढ्यानेही फरक पडतो. स्पीकर भिंतीला किंवा कोपऱ्यात टेकवले, की बास फुगतो आणि गळा झाकोळतो. ते शोकेसमधून काढून स्टँडवर ठेवावेत, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा आणि दोन स्पीकर व ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा.

काही स्पीकर प्रत्येक आवाज मधाळ करतात. पाच मिनिटे फार छान वाटते, पण हळूहळू सगळे गायक एकाच रंगाचे होतात. भीमसेनजींची गाज, कुमारजींचा टोकदार लगाव, माणिक वर्मांचा घरंदाज गोडवा यांतला फरक ही या कलावंतांची कमाई आहे, ती पुसण्याचा अधिकार कुठल्याही यंत्राला नाही. म्हणून असे तीन गळे लागोपाठ ऐकावेत आणि ज्या जोडीवर ते एकमेकांपासून सर्वांत वेगळे वाटतील, तीच घरी आणावी.