गोड पानाची गोष्ट

स्टीव्हियाचं ताजं पान चावलं की पहिल्या क्षणी नुसता हिरवट पाला लागतो. मग गोडी चढू लागते, बराच वेळ रेंगाळते आणि जाताना जिभेवर किंचित कडवटपणा ठेवून जाते. साखर झटकन येते आणि झटकन जाते. या उशिरा येण्याचं आणि रेंगाळण्याचं मला इतकं कुतूहल वाटलं, की गेली अनेक वर्षं गच्चीवरच्या कुंड्यांत ही रोपं वाढवत आले आहे.

या झाडाचं मूळ घर पॅराग्वेच्या ईशान्येकडचे आमाम्बायचे डोंगर. तिथले ग्वारानी लोक येर्बा माते नावाच्या कडू काढ्यात हे पान पिढ्यान् पिढ्या घालत आले. स्वित्झर्लंडहून येऊन पॅराग्वेत स्थायिक झालेल्या मोइसेस बेर्तोनी या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची कीर्ती स्थानिकांकडून ऐकली आणि त्याचा ध्यासच घेतला. 1899 साली त्याने वाळलेल्या, मोडक्या नमुन्यांवरून वर्णन लिहिलं. जिवंत रोप हाती आल्यावर 1905 साली वनस्पतीची प्रजाती (जीनस) सुधारून ‘स्टीव्हिया रेबाउदियाना’ हे नवं नाव दिलं. त्या नावातलं ‘रेबाउदियाना’ हे ओविदियो रेबाउदी या रसायनतज्ज्ञाच्या सन्मानार्थ आहे. आपण तोरणात ओवतो तो झेंडू आणि ही स्टीव्हिया एकाच कुळातली, हे कळल्यापासून मला हे परदेशी झाड अजिबात परकं वाटत नाही.

पानातली गोडी येते स्टीव्हिओल ग्लायकोसाइड्समधून. स्टीव्हिओल नावाच्या सांगाड्याला ग्लुकोजचे रेणू चिकटलेले असतात. आपल्या लहान आतड्याला ते सोडवता येत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ग्लुकोज तोडून वापरतात, उरलेलं स्टीव्हिओल यकृतात जातं आणि शेवटी लघवीवाटे बाहेर पडतं. त्यामुळे रक्तातली साखर वाढत नाही. शुद्ध अर्क साखरेच्या सुमारे 200 ते 300 पट गोड असतो. मात्र हेच रेणू जिभेवरच्या कडू चवीच्या ग्राहींनाही जागं करतात. शेवटचा कडवटपणा तिथला.

पुणे जिल्ह्यातल्या एका शेतावर मी ही लागवड पाहिली. बी फारसं रुजत नाही, म्हणून फांद्यांची छाटकलमं लावतात. दिवस लहान होऊ लागले की झाड फुलायला लागतं आणि पानांतली गोडी उतरते. ‘‘कळी धरायच्या आत विळा लागला पाहिजे,’’ तिथले काका म्हणाले. तेव्हापासून माझ्या कुंड्यांतली कळी दिसली की मी लगेच खुडते.

आपल्याकडचंही एक गोड पान आठवून पाहा: विड्यात घालतात तो गुंजेचा पाला. त्याची गोडीही साखरेची नाही, वेगळ्याच ग्लायकोसाइड्सची आहे. या वेलीची लालभडक बी मात्र जहाल विषारी असते, हे मुलाबाळांच्या घरात पक्कं लक्षात ठेवावं.

स्टीव्हियाचा बाकीचा इतिहास थोडक्यात: 1931 साली फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी स्टीव्हिओसाइड हे ग्लायकोसाइड वेगळं काढलं, 1970च्या दशकात जपानने ते बाजारात आणलं, 2008 साली अमेरिकेत, 2011 साली युरोपात आणि 2015 साली भारतात शुद्ध अर्काला वाट मिळाली. रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोला 4 मिलिग्रॅम, स्टीव्हिओलच्या हिशेबाने. वजन उतरवण्यासाठी अशा साखरेच्या पर्यायांवर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली सांगितलं. मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही.

आता फराळाकडे. साखर नुसती गोड करत नाही. ती पाक धरते, लाडू बांधते, अनारशाला जाळी पाडायला मदत करते, तळताना रंग चढवते. स्टीव्हियाला यातलं काहीच जमत नाही, कारण ती लागते चिमूटभर. तिच्याकडून रव्याच्या लाडवाची अपेक्षा करणं हा तिच्यावरच अन्याय. चहा, लिंबू सरबत, कोकम सरबत, शेवयांची खीर, इथे मात्र फक्त गोडीच हवी असते आणि उष्णतेने ती उडून जात नाही. उकळत्या चहात दोन वाळकी पानं पुरतात. बाजारची पुडी घेताना घटक वाचा: वजन भरायला माल्टोडेक्स्ट्रिन घातलेलं असेल, तर तेही रक्तातली साखर वाढवतं.

माझं मत स्पष्ट आहे. दिवाळीचा लाडू एकच खावा, पण साखरेचाच, चवीने. वर्षभराचे दिवसाचे तीन-चार कप चहा मात्र या पानावर सोपवावेत. आपल्या पोटात साखर जाते ती सणाच्या ताटातून कमी आणि रोजच्या कपातून जास्त.