मुळ्याच्या भाऊबंदाची रंगकामगिरी

तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात 96 खळगे. दुधाचा नमुना घालायचा, धुवायचे, रंगद्रव्य ओतायचे. निळा रंग गडद उमटला तर दूध चांगले. फिका पडला तर ॲफ्लाटॉक्सिन एम-1 या विषाची शंका. हिशेब उलटा वाटतो, पण आत संगीत खुर्ची चाललेली असते. खळग्यातल्या अँटीबॉडीच्या जागा मोजक्या, आणि दुधातले विष व किटमधले एन्झाइम चिकटवलेले विष दोघेही त्यांच्यावर झडप घालतात. दुधातले जास्त असेल तर एन्झाइमवाल्याला जागा उरत नाही. तो धुण्यात वाहून जातो. मग रंग भरणार कोण?

हा रंगारी, म्हणजे रंग भरणारे एन्झाइम, कोण असावा, यावर अशा चाचण्यांच्या सुरुवातीपासून, 1971 पासूनच, दोन तट आहेत. स्टॉकहोममध्ये एवा एंगवाल आणि पेटर पर्लमान यांनी अल्कलाइन फॉस्फेटेझ घेतले. नेदरलँड्समधल्या ऑर्गेनॉन कंपनीत व्हान वीमेन आणि स्कुर्स यांनी हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेझ.

हॉर्सरॅडिश ही मोहरी-मुळ्याच्या कुळातली तिखट मुळी. (शेवग्याच्या मुळांनाही तसाच झणका, म्हणून इंग्रजांनी त्याला हॉर्सरॅडिशचे झाड म्हटले. हे एन्झाइम मात्र शेवग्याचे नव्हे.) पेरॉक्सिडेझ स्वस्त, चपळ आणि आकाराने लहान: सुमारे 44 हजार डाल्टन. वासराच्या आतड्यातून मिळणारे फॉस्फेटेझ त्याच्या तिपटीहून मोठे. एम-1चा रेणू जेमतेम 328 डाल्टनचा, त्यामुळे त्याच्या गळ्यात बांधायचे ओझे हलके असलेले बरे. बाजारातल्या बहुतेक किटमध्ये पेरॉक्सिडेझ दिसते ते यामुळेच.

पण खरी पारख वेगळीच: कोणता रंगारी कुठल्या बाजूने चुकतो?

पेरॉक्सिडेझला सोडियम अझाइड चालत नाही. नमुना टिकवायला घातलेले अझाइड खळग्यात उरले, तर रंग मरतो आणि चांगले दूध उगाच संशयात सापडते. ही चूक महाग, पण धोक्याची नाही. धोका दुसरीकडे आहे. दुधात स्वतःचे लॅक्टोपेरॉक्सिडेझ असते आणि नेहमीच्या पाश्चरीकरणात ते बरेचसे तगते. धुण्यात कसूर झाली तर तेच रंग भरू लागते आणि विषारी दूध स्वच्छ ठरते. फॉस्फेटेझ इथे बाजी मारते, कारण दुधातले नैसर्गिक फॉस्फेटेझ पाश्चरीकरणात मरते. ते मेले की नाही, यावरच पाश्चरीकरण तपासतात. मात्र या एन्झाइमला फॉस्फेटचे वावडे असल्याने प्रयोगशाळेतला नेहमीचा फॉस्फेट बफर रंग भरण्याच्या वेळी बाजूला ठेवावा लागतो.

एम-1ची भारतातली मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम आहे, युरोपीय संघात 0.05. इतक्या बारीक मापात खळगा एकदा कमी धुतला तरी निकाल फिरू शकतो. तेव्हा किट निवडताना एन्झाइमचे नाव वाचाच, पण नमुन्यात काय घातले होते ते आधी विचारा.