चेन्नईतील ख्रिस्ती शाळा आणि पालकांचे प्रश्न

मद्रासमधील ख्रिस्ती शाळांची परंपरा जुनी आहे. १७१५ मध्ये सेंट जॉर्ज किल्ल्यातील पाद्री विल्यम स्टीव्हन्सन यांनी सेंट मेरी चर्चच्या आश्रयाने एक लहानशी धर्मादाय शाळा काढली. आजची सेंट जॉर्ज शाळा तिचीच वारस. १७८९ पासून एग्मोरच्या अनाथालयात अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेण्याची रीत बसवली. वाळूत बोटाने अक्षरे गिरवणे त्यांनी इथल्याच गावठी शाळेत पाहिले होते. ही ‘मद्रास पद्धत’ पुढे इंग्लंडात पसरली.

या शाळा मुख्यतः युरोपीय आणि मिश्रवंशीय मुलांच्या. इंग्रजी शिकून नोकरी मिळवण्यासाठी हिंदू मुले मिशनच्या वर्गात बसू लागली, तेव्हा पालकांचे प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू झाले. १८३७ मध्ये जॉन अँडरसन यांनी स्कॉटिश मिशनची शाळा उघडली. अस्पृश्य मानलेल्या मुलांना प्रवेश मिळताच सवर्ण पालकांनी त्यांना काढण्याची मागणी केली. अँडरसन यांनी नकार दिला, बरीच मुले शाळा सोडून गेली. त्या नकाराचे मोल आजही मोठे आहे. १८४१ मध्ये काही विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि वर्ग पुन्हा ओस पडले. या वेळी पालकांची भीती निराधार नव्हती: धर्मांतर हा शाळेचा उघड हेतू होता आणि मुलाला काढून घेण्यापलीकडे त्यांच्या हाती काहीच नव्हते. १८४२ मध्ये पचैयप्पा मुदलियार यांच्या दानातून हिंदू मुलांसाठी स्वतंत्र शाळा निघाली. पुण्यातही १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातून अनेक मुली धर्मांतराच्या याच भीतीने काढल्या गेल्या. रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

१८६२ मध्ये आलेल्या विल्यम मिलर यांनी अँडरसन यांच्या संस्थेचे धोरण बदलले. बायबलचा तास राहिला, मात्र लगेच धर्मांतर घडवण्यापेक्षा समाजाच्या विचारांवर संस्कार करण्याकडे रोख वळला. मद्रास ख्रिश्चन कॉलेज आणि त्याची शाळा यांचा पाया हीच संस्था.

पालकांना ठोस हक्क दिला तो राज्यघटनेने. अनुच्छेद २८(३) नुसार मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत सामील करता येत नाही. त्यामुळे प्रार्थना कोणती, नीतिशिक्षणाच्या तासाला काय शिकवतात, हे प्रवेशाआधीच विचारणे योग्य. चांगली शाळा ते मोकळेपणाने सांगते. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना संस्था चालवण्याचा हक्क देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने अशा शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळले. म्हणून त्या कायद्यातील दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के राखीव जागा तिथे मिळतीलच असे धरून चालू नये.

शुल्काबाबत तमिळनाडूत २००९ चा कायदा आहे. खासगी शाळेची फी त्या कायद्याखालील समिती ठरवते. शाळेने सांगितलेला आकडा समितीच्या आदेशाशी ताडून पाहावा. शाळेची मान्यता कोणत्या वर्गापर्यंत आहे आणि परीक्षा मंडळ कोणते, हेही पाहावे.

महाराष्ट्रातून बदलीवर येणाऱ्या कुटुंबांना मात्र सर्वाधिक अडचण तमिळची येते. २००६ च्या कायद्याने पहिलीपासून टप्प्याटप्प्याने ती सक्तीची झाली. पहिलीतले मूल ती खेळता खेळता उचलते. आठवीत येणाऱ्याला लिपीपासून सुरुवात करावी लागते. त्याच्यासाठी सवलत किंवा वेगळा वर्ग आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.